प्रस्थान

पूर्वी लांबच्या प्रवासास निघावयाचे असले, म्हणजे लोक प्रस्थान ठेवीत असत. चांगला मुहूर्त ज्या दिवशी असेल त्या दिवशी प्रत्यक्ष निघणे जमले नाही, तर थोडे तांदूळ, एक सुपारी, एखादे हळकुंड वस्त्रात बांधावयाचे आणि ते गाठोडे शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवावयाचे. माणूस अजून आपल्याच ओसरीवर बसलेला असे. पण त्याचा प्रवास सुरू झाला, असे सारे मानीत. मुहूर्ताचे महत्त्व आज पूर्वीइतके उरलेले नाही. तरीही त्या जुन्या रीतीत एक शहाणपण होते. प्रवास हा पाऊल बाहेर पडण्यापूर्वीच, मनात आणि घरात सुरू होत असतो, हे त्या लोकांना ठाऊक होते.

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी २०२३ सालच्या दिवाळीत असेच एक प्रस्थान ठेवले. त्यांचे गाठोडे म्हणजे एक दोनशे पानी वही होती. पाडव्याच्या सकाळी त्यांनी तिच्या पहिल्या पानावर कुंकवाचे बोट उमटविले आणि खाली सुवाच्य अक्षरांत लिहिले, ‘युरोप.’ जावयाचे होते २०२५ सालच्या मे महिन्यात; म्हणजे हाती दीड वर्ष होते.

हे गृहस्थ भूगोलाचे शिक्षक. सारे गाव त्यांना ‘सर’ म्हणे आणि त्यांच्या पत्नीला ‘काकू’. तीस वर्षे सरांनी मुलांना युरोप खंड शिकविला होता. आल्प्स पर्वताच्या रांगा ते फळ्यावर डोळे मिटून काढीत. भूमध्य सागराच्या काठी पाऊस हिवाळ्यात का पडतो, हे त्यांनी किती वेळा समजावून दिले असेल, याची गणती नव्हती. मात्र त्या खंडाची मूठभर मातीही त्यांनी कधी पाहिली नव्हती. आधी मुलीचे शिक्षण, मग घराचे कर्ज, मग आईचे दुखणे. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर. त्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढले होते. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट मानतात. सरांच्या घराचा तळमजला पाण्यात गेला. तीस वर्षे जपलेले नकाशे भिजून लगदा झाले. सर आणि काकू सहा दिवस शेजाऱ्यांच्या माडीवर बसून होती. २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा उंबऱ्यापर्यंत आली. त्यानंतर घराला नवा रंग दिला. परंतु जिन्याजवळच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची जी तांबूस रेघ उमटली होती, ती काकूंनी पुसू दिली नाही.

आता मुलगी आपल्या पायांवर उभी होती, कर्ज फिटले होते, आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतील काही भाग सरांनी याच कामासाठी बाजूला काढला होता. रक्कम मर्यादित होती. दुसऱ्यांदा जाणे होणार नाही, हे दोघांनाही पुरते ठाऊक होते. म्हणूनच ही एक खेप चुकता कामा नये, असे सरांना वाटे.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत त्यांचा पहिला बेत तयार झाला. लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, ॲम्स्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम आणि झुरिक : तेरा दिवसांत अकरा शहरे! आगगाडीच्या वेळा, अंतरे, पाहावयाच्या स्थळांची यादी, सारे काही तांबड्या आणि निळ्या शाईत नोंदलेले होते. शाळेच्या वेळापत्रकालाही हेवा वाटावा, असा तो तक्ता होता. सरांनी तो मोठ्या उत्साहाने काकूंसमोर मांडला. काकू गहू निवडीत होत्या. त्यांनी चष्मा नीट केला, बोट फिरवीत सारा तक्ता वाचला आणि शांतपणे विचारले,

“अहो, या सगळ्यात आपण बसायचं कुठं?”

सरांना प्रश्न नीट उमगला नाही. “आगगाडीत बसायचंच आहे की,” ते म्हणाले.

“गाडीत नव्हे हो. एखाद्या जागी. पाहिलेलं मनात उतरायला घटकाभर बसावं लागतं. आणि माझे गुडघे?”

सर काही बोलले नाहीत. वही मिटून ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले. काही वेळाने त्यांच्या ध्यानात आले, की हा सारा बेत त्यांनी एकट्याने आखला होता. यादीतील एकही नाव काकूंना विचारून लिहिलेले नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी कोठे जावे, हे नेहमी कुणाच्या तरी लग्नाने, बारशाने किंवा आजारपणाने ठरविले होते. ‘तुला काय पाहायचं आहे?’ असे त्यांना कोणी विचारले नव्हते, सरांनीदेखील नाही.

त्या रात्री जेवणे झाल्यावर सरांनी नवा नकाशा जमिनीवर पसरला आणि तो प्रश्न विचारला. काकू बराच वेळ पाहत राहिल्या. आल्प्सपासून उत्तर समुद्रापर्यंत गेलेल्या एका निळ्या रेघेवर त्यांचे बोट थांबले.

“ही कोणती नदी?”

“ऱ्हाईन. बाराशे तीस किलोमीटर लांब. आपल्या कृष्णेहून थोडी लहानच.”

“हिला पूर येत नाही का हो? आणि ही शेवटी जिथं जाते, तो देश तर समुद्राच्याही खाली आहे, असं तुम्हीच मुलांना शिकवता. मग ती माणसं रात्री झोपतात कशी?”

सर चकित झाले. तीस वर्षे त्यांनी ऱ्हाईन नदी शिकविली होती. तिच्या काठची कारखानदारी, तिच्यावरील नौकानयन, तिचे त्रिभुज मुख, सारे त्यांना मुखोद्गत होते. परंतु तिच्या काठी राहणारी माणसे पावसाळी रात्री काय करतात, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. तो काकूंना पडला. कारण शेजाऱ्यांच्या माडीवर बसून त्यांनी सहा रात्री पाण्याचा आवाज ऐकला होता.

वहीचे पहिले सात कागद सरांनी फाडले नाहीत. त्यांवर फक्त एक आडवी रेघ मारली. आठव्या पानावर त्यांनी नवे शीर्षक घातले, ‘एक नदी.’

अकरा शहरे गेली आणि एक नदी आली, तसा साऱ्या तयारीचा नूरच पालटला. पूर्वी सर एकटेच वाचीत. आता रोज सायंकाळी ते वाचून दाखवीत आणि काकू भाजी निवडता निवडता ऐकत. जे वाचनात येई, ते वहीत जाई. १९५३ सालच्या ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने समुद्र नेदरलँड्समध्ये शिरला आणि १,८३६ माणसे मृत्यू पावली, ही नोंद काकूंनी दोनदा वाचावयास लावली. त्यानंतर त्या देशाने समुद्राच्या तोंडांवर मोठमोठे बांध आणि दरवाजे उभारले. रॉटरडॅमजवळ १९९७ साली पुरा झालेला दरवाजा दोन पाखांचा असून एकेक पाख २१० मीटर लांब आहे. वादळ आले, की ही पाखे मिटतात.

पण काकूंना त्याहून नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. १९९३ आणि १९९५ साली नद्यांचे पाणी बांधांच्या माथ्यापर्यंत चढले; १९९५ मध्ये तर अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा तेथील जाणत्यांनी विचार केला, की बांध किती उंच करीत न्यावयाचे? त्याऐवजी नदीलाच जागा द्यावी. नायमेगेन या गावापाशी ऱ्हाईनची मुख्य शाखा वाहते. तिला वाल म्हणतात. तेथे बांध साडेतीनशे मीटर मागे नेला, नदीसाठी एक नवा प्रवाह खोदला, आणि त्यासाठी पन्नासएक कुटुंबांची घरे हलवावी लागली.

“ज्यांची घरं गेली त्यांना काय वाटलं असेल?” काकूंनी विचारले.

“ते पुस्तकात नाही,” सर म्हणाले.

“मग ते गाव लिहा. तिथं तीन दिवस राहू.”

अशा रीतीने बेत आकारास येऊ लागला. काकूंची फार इच्छा होती, की नदीचा उगम पाहावा. महाबळेश्वरी कृष्णेचा उगम त्यांनी लहानपणी पाहिला होता. ऱ्हाईनचा उगम ज्या तोमा नावाच्या सरोवरातून मानतात ते २,३४५ मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात तेथे बर्फ असते. उगमासाठी प्रवास ऑगस्टमध्ये न्यावा, तर तो कृष्णेच्या पुराचा काळ. त्या दिवसांत घर कुलूप लावून सोडण्यास काकू कदापि तयार नव्हत्या. पावसाळ्यापूर्वी परत आलेच पाहिजे, ही त्यांची एकच अट होती. उगम आणि घर यांपैकी एक निवडावयाचे होते. त्यांनी घर निवडले. दोन दिवस त्या हिरमुसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सरांनी नकाशात त्यांना राइखेनाऊ हे ठिकाण दाखविले. तेथे ऱ्हाईनचे दोन प्रवाह एकमेकांस मिळतात आणि ते ठिकाण खाली दरीत असल्याने मे महिन्यात तेथवर आगगाडीने जाता येते. “आपल्या हरिपूरला कृष्णा आणि वारणा भेटतात, तसंच,” सर म्हणाले. काकूंची कळी खुलली. पुढे वाचताना असेही आढळले, की जर्मनीत मोझेल नदी ऱ्हाईनला जेथे मिळते त्या कोब्लेंट्स गावाचे नावच मुळी ‘संगम’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले आहे. ते गावही वहीत दाखल झाले.

शेवटी ठरले ते असे. चार रात्री झुरिक, तेथून राइखेनाऊचा संगम आणि शाफहाउझेनचा धबधबा. मग तीन रात्री कोब्लेंट्स. दोन रात्री कोलोन, जेथील मंदिराचे बांधकाम १२४८ साली सुरू होऊन १८८० साली संपले. नंतर तीन रात्री नायमेगेन आणि तीन रात्री रॉटरडॅम. म्हणजे पंधरा रात्री आणि पाच मुक्काम.

बेत आखणे सोपे; कागद जमविणे कठीण. दोघांपैकी कोणाचेही पारपत्र नव्हते. सरांचे सहज झाले. काकूंचे मात्र अडले. शाळेच्या दाखल्यावर त्यांचे माहेरचे नाव, इतर कागदांवर सासरचे; त्यातही रोमी लिपीत एका ठिकाणी एक ‘ए’, तर दुसऱ्या ठिकाणी दोन. ज्या बाईला साऱ्या गल्लीत कोणीही ओळखते, ती नेमकी कोण, हे कागदांना ठाऊक नव्हते. ते जुळविण्यात अडीच महिने गेले. हे काम आयत्या वेळी निघाले असते, तर सारा प्रवास तेथेच संपला असता. पारपत्र टपालाने घरी आले, तेव्हा काकूंनी हात धुऊन, पदराला पुसून मगच ते उघडले. आपले छायाचित्र आणि त्याखालची आपली सही त्या कितीतरी वेळ पाहत होत्या.

त्यानंतर परवान्याचा प्रश्न आला. लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी १९८५ साली झालेल्या करारातून जी व्यवस्था वाढली, तीत आज २९ देश सामील आहेत आणि एकाच परवान्यावर त्या सर्वांत फिरता येते. ब्रिटन त्यांत नाही. सरांच्या पहिल्या यादीत लंडन होते. म्हणजे दोन निरनिराळे परवाने काढावे लागले असते, हे त्यांना आता कळले. ज्या देशात मुक्काम सर्वांत अधिक, त्या देशाकडे अर्ज करावयाचा, असा नियम. सहा रात्री नेदरलँड्समध्ये होत्या, तेव्हा अर्ज त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी तो घेत नाहीत आणि पंधरा दिवसांहून कमी अवधी उरला असता स्वीकारत नाहीत. परतीच्या तारखेनंतरही पारपत्राची मुदत निदान तीन महिने शिल्लक हवी. किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा हवा. प्रत्येकी नव्वद युरो शुल्क, आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही. सरांनी वहीत एक पान या नियमांना दिले आणि प्रत्येकापुढे एक लहान चौकोन काढला. काम झाले, की काकू त्या चौकोनात हळदीचा ठिपका देत.

कागदांइतकीच शरीराची तयारीही आवश्यक होती. काकूंनी आयुष्यात प्रथमच बूट घेतले. नव्या बुटांनी परदेशात पाय सोलून निघू नयेत, म्हणून आठ महिने आधीपासून त्या दोघांनी रोज पहाटे हरिपूरच्या रस्त्याने चालावयास आरंभ केला. पहिल्या आठवड्यात काकू अर्ध्या वाटेतून परतल्या. दिवाळीपर्यंत त्या संगमाच्या घाटापर्यंत जाऊ लागल्या. तेथे हमाल मिळणार नाहीत, आपले सामान आपणच उचलावे लागेल, हे कळल्यावर सरांनी पिशवीत ज्वारी भरून घाटाच्या पायऱ्या चढून पाहिल्या. दहा किलोला ते दमले. मग पिशवी सात किलोची ठरली आणि तिच्या बाहेर काय राहील, यावर मोठा खल झाला. तुपातले लाडू वगळावे लागले. कारण दुधाचे पदार्थ बाहेरून नेण्यास तेथे मनाई आहे. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी राहिली.

जानेवारीत मुंबईस जाऊन दोघांनी बोटांचे ठसे दिले आणि अर्ज दाखल केला. वाट पाहण्याचे ते दिवस मात्र दोघांनाही जड गेले. “नाही म्हणाले तर?” असे एका रात्री काकूंनी विचारले. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नाही म्हणाले, तर पैसे जातील आणि वाईटही वाटेल. पण ही नदी तू मला शिकवलीस, ते काही जाणार नाही.” अठराव्या दिवशी पारपत्रे परत आली. दोघांच्याही पानावर परवाना चिकटविलेला होता.

एप्रिलच्या अखेरीस वही जवळजवळ भरली. प्रत्येक दिवसास एक पान होते. गाडीची वेळ, उतरण्याचे ठिकाण, जवळचे औषधाचे दुकान, गाडी चुकल्यास दुसरी कोणती, सारे त्यात होते. केवळ नायमेगेनच्या मुक्कामातील मधल्या दिवसाचे पान सरांनी कोरे ठेवले होते. मुलीने फोनवर विचारले, “बाबा, त्या दिवशी काय करणार?” सर म्हणाले, “तुझी आई सांगेल ते.” काकूंनी पेन घेतले आणि त्या पानावर एवढेच लिहिले, ‘नदीकाठी बसणे.’

निघण्याच्या आदल्या दिवशी घराच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडे दिल्या. ज्यांच्या माडीवर सहा रात्री काढल्या, तेच हे शेजारी. सर वहीतील यादी वाचीत एकेक वस्तू पिशवीत घालीत होते. एवढ्यात जिन्यापाशी काकू काहीतरी करीत आहेत, असे त्यांना दिसले. त्यांनी भिंतीवरील पुराच्या रेघेला सुतळीचे एक टोक लावले होते आणि दुसरे टोक त्या जमिनीपर्यंत सोडीत होत्या. जमीन आली तेथे त्यांनी सुतळीला गाठ मारली आणि ती कापली.

“हे कशाला?” सरांनी विचारले.

“ऱ्हाईनच्या काठी घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा कोरून ठेवतात, असं तुम्हीच वाचून दाखवलं होतं ना? त्यांच्या खुणेला ही लावून पाहू. आणि कोणी विचारलंच, तर आपलं पाणी कुठवर आलं होतं ते त्यांना दाखवता येईल. मला त्यांची भाषा थोडीच येते!”

सरांनी ती सुतळी हातात घेतली. साडेसहा फूट होती. त्यांनी ती व्यवस्थित गुंडाळली, पारपत्रांच्या शेजारी ठेवली. आणि मग वही उघडून, सामानाच्या यादीत सर्वांत शेवटी, आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘सुतळी : एक.’ काकूंनी पुढच्या चौकोनात हळदीचा ठिपका दिला.